पंधराचे एकवीस

आधी कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. मी सरांच्या हाताखाली काम करत असताना नऊ महिने एकाही पेशंटची कंबर मोजली नाही, आणि रोज मोजली असं लिहून दिलं. हे आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोलाही नाही. तिचं मत असं की मी मुळात कमी बोलणारा आहे. मी कमी बोलणारा नाही, घाबरट आहे. संसारात दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून निभावलं.

कंबर मोजणं म्हणजे शिंप्याचं मोजणं नव्हे, घेर नव्हे. कंबर वाकते किती, ते मोजणं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. आज स्वतःचं छोटं क्लिनिक आहे, पण पहिली सहा वर्षं काढली ती सरांकडे. सरांचं नाव लिहीत नाही. नाशकातल्या जुन्या पाठदुखीवाल्यांना ते दुसऱ्याच ओळीत कळेल, बाकीच्यांचं नावावाचून काही अडत नाही.

गंगापूर रोडच्या आतल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर त्यांचं क्लिनिक होतं. लिफ्ट नव्हती. पेशंट धापा टाकत वर येऊन म्हणायचे, "काय सर, पाठ धरलेल्या माणसाला जिना चढवता?"

"चढवतो म्हणून तर कळतं," सर म्हणायचे. "सातव्या पायरीला तुम्ही कठड्याला हात घातलात. उजवा. अर्धी तपासणी झाली, आता अर्धीच राहिली."

कारण ते खरोखरच वर जिन्याच्या तोंडाशी उभे राहून प्रत्येकाला येताना बघत असत. येताना बघायचे आणि जाताना जास्त लक्ष देऊन बघायचे. समोरून दिसणारा माणूस त्यांच्या लेखी अपुरा होता. चेहरे त्यांना लक्षात राहतच नसत. एकदा एका लग्नात एक बँकेतले साहेब हात जोडून पुढे आले. "ओळखलंत का सर?" सर कोऱ्या चेहऱ्याने बघत राहिले. मग म्हणाले, "जरा वळता का?" साहेब सवयीने वळले. सरांनी सफारीवरूनच दोन अंगठे त्यांच्या कमरेवर टेकवले आणि एकदम उजळले. "अरे, तुम्ही होय! डावी खळी वर असलेले!" साहेब मुलाकडचे होते. मुलीकडची मंडळी रांगेत उभी होती. पुढचं लग्न साहेबांनी भिंतीला पाठ लावून काढलं.

त्या खळ्या म्हणजे कमरेच्या खाली मणक्याच्या दोन्ही बाजूंना असतात त्या. सरांचं सगळं शास्त्र तिथून सुरू व्हायचं. खळ्यांच्या रेषेत मधोमध एक खूण. तिच्यावर दहा सेंटिमीटरला दुसरी, खाली पाचला तिसरी. वरच्या आणि खालच्या खुणेत अंतर झालं पंधरा. मग माणसाला पुढे वाकवायचं. गुडघे सरळ, हनुवटी छातीला. कातडी ताणते, खुणा लांब जातात, पुन्हा मोजायचं. धडधाकट कंबर असेल तर पंधराचे एकवीस होतात. मी ही गोष्ट पुस्तकात वाचली होती, एका परिच्छेदात. सरांनी तिच्यावर तीस वर्षं काढली होती. "पंधराचे एकवीस," ते म्हणायचे, "यापेक्षा चांगलं व्याज कुठली बँक देते, सांग."

खुणा करायला ते भुवयांची पेन्सिल वापरत. बॉलपेन टोचतं, स्केचपेन पसरतं, म्हणून भुवयांची पेन्सिल. ती आणायला मला पाठवत. मेनरोडच्या त्या दुकानातल्या बाई पहिल्यांदा म्हणाल्या, "काळी देऊ?" मी म्हटलं, "ब्राऊन द्या, काळी घामाने उतरते." त्यांनी विचारलं, "मॅडमचा रंग कसा आहे?" मी म्हटलं, "मॅडम नाही, सर आहेत." मग त्यांनी काही विचारलं नाही, आणि मी काही सांगितलं नाही. सहा वर्षं मी तिथून महिन्याला चार पेन्सिली नेल्या. बाई नेहमी माझ्याशी फार प्रेमाने वागल्या.

रविवारी सकाळी सर रामकुंडावर जाऊन बसायचे. देवासाठी नव्हे. "अख्खा भारत इथे येऊन वाकतो," म्हणायचे. "फुकट. कपडे काढून." ते पायरीवर बसत आणि डुबकी मारणाऱ्यांकडे बघत आकडे पुटपुटत. एका गुरुजींनी त्यांना दोन-तीन रविवार पाहिलं आणि एकदा जवळ येऊन आदराने विचारलं, "काका, कुणाचं करायचंय?"

"कमरेचं," सर म्हणाले.

गुरुजी म्हणाले, "ते आमच्यात नाही," आणि दुसऱ्या यजमानाकडे गेले.

जमिनीला बोटं टेकवून दाखवणाऱ्या माणसांवर सरांचा विशेष राग होता. एकदा एक योगशिक्षक आले. साठीचे, ताठ, पांढरा कुर्ता. आल्याआल्या त्यांनी वाकून बोटं सोडा, दोन्ही तळवे फरशीवर सपाट ठेवले आणि तसेच खालून म्हणाले, "माझ्या कमरेला काही नाही. मिसेसच्या समाधानासाठी आलोय."

सरांनी खुणा केल्या, मोजलं. मला बोलावलं, मी मोजलं. मग सर म्हणाले, "पंधराचे साडेसतरा."

"म्हणजे चांगलं ना?"

"म्हणजे कंबर बसून आहे. वाकतायत त्या तुमच्या मांड्यांच्या मागच्या शिरा. कंबर त्यांच्या जिवावर मिरवतेय."

"मी चाळीस वर्षं पश्चिमोत्तानासन करतोय, डॉक्टर."

"तुम्ही करताय, ती करत नाहीये."

गृहस्थ भडकले. निघताना जिन्यात बायकोला म्हणाले, "माणूस सर्किट आहे." आठ दिवसांनी एकटेच आले, दाराशी उभं राहून खालच्या आवाजात म्हणाले, "ती वाकण्यासाठी काय करावं लागेल?" सरांनी त्यांना अगदी साधे, लहान मुलांचे वाटावेत असे तीन व्यायाम दिले. दोन महिन्यांनी त्यांचे एकोणीस झाले तेव्हा सरांनी सगळ्या पेशंटांना पेढे वाटले. योगशिक्षकांनी एकच अट घातली, की कुणाचे पेढे ते सांगायचं नाही.

आता माझ्या कामाकडे येतो. सरांचा एक नियम होता, आणि तो सोडून त्यांनी एकाही माणसाची पाठ मोजली नाही. माप दोनदा, दोन माणसांनी, एकमेकांना न सांगता. आधी सर पडद्याआड जात. खुणा करत, वाकवत, मोजत. आकडा चिठ्ठीवर लिहून घडी घालत आणि तिथेच पडद्याआड ठेवलेल्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकत. मग स्पिरिटच्या बोळ्याने खुणा पुसत, म्हणजे मला त्यांचा आधार मिळू नये, आणि बाहेर येऊन म्हणत, "जा." मी आत जाऊन सगळं नव्याने करायचं. माझी चिठ्ठी त्याच डब्यात. संध्याकाळी सहाला चहा आला की डबा उघडायचा आणि दोन्ही चिठ्ठ्या शेजारी मांडायच्या. अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत फरक माफ. त्याच्या वर गेला की पेशंटला दुसऱ्या दिवशी परत बोलवायचं.

पेशंट कुरकुर करत. "आत्ताच वाकलो ना सर, परत काय?"

"एकदा वाकलात ती अफवा," सर म्हणायचे. "दोनदा वाकलात की बातमी."

मला विचारायचे, "हे मी कशासाठी करतो, माहितीये? मला माझ्यावर विश्वास नाही म्हणून. तुझ्यावर आहे असं नाही. दोन अविश्वासू माणसं एकाच आकड्यावर आली, तर तो आकडा खरा."

पहिली पाच वर्षं मी मोजलं. मनापासून मोजलं. पण माझा हात सरांसारखा नव्हता. जाड माणसाच्या खळ्या मला सापडत नसत, मी अंदाजाने खूण करायचो. संध्याकाळी डबा उघडला की कुठे एक, कुठे दीड सेंटिमीटर. सर ओरडत नसत. चष्मा कपाळावर सारून चिठ्ठी बघत आणि चहा आणणाऱ्या मावशींना म्हणत, "मावशी, हा आज खळ्या सोडून कुठे गेला होता, विचारा जरा." मावशी खरंच विचारायच्या. "कुठं गेलते हो साहेब?" मी हसायचो. घरी जाऊन जेवायचो नाही. तेहतीस वर्षांचा होतो, मुलगी दोन वर्षांची होती, आणि रोज संध्याकाळी सहाला माझी परीक्षा असायची.

एके दिवशी डब्याचं झाकण नीट लागलं नव्हतं आणि सरांच्या चिठ्ठीची घडी उलगडली होती. २०.४. माझं माप एकोणीस आलं होतं. मी १९ खोडलं नाही, नवी चिठ्ठी घेतली आणि २०.२ लिहिलं. संध्याकाळी सरांनी दोन्ही चिठ्ठ्या उजेडाकडे धरल्या आणि मावशींना म्हणाले, "आज याला बिस्किटं द्या."

बस. त्यानंतर मी झाकणाची वाट बघितली नाही, स्वतःच उघडायला लागलो. पडद्याआड पेशंट वाकलेला असायचा, त्याचं तोंड जमिनीकडे, मला कोण बघणार. मी खुणा करायचो, टेप लावायचो, कारण टेपचा थंडगार स्पर्श पेशंटला कळतो. टेप लावायचो, वाचायचो नाही. मग डब्यातला आकडा बघून कधी दोन मिलिमीटर वर लिहायचो, कधी तीन खाली. महिन्यातून एकदा मुद्दाम सात-आठचा फरक टाकायचो, म्हणजे खरं वाटावं. सर त्या दिवशी जरा खट्टू व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी पेशंटला बोलावून आम्ही पुन्हा मोजायचो. म्हणजे सर मोजायचे. इतकी मेहनत मी मोजायला घेतली असती, तर हात कधीच बसला असता.

सरांच्या आनंदाला सुमार राहिला नाही. त्यांनी भिंतीवर आलेखाचा कागद लावला आणि आमच्या दोघांच्या आकड्यांचे ठिपके टाकायला लागले. निळा ठिपका त्यांचा, लाल माझा. हळूहळू ते एकमेकांवर पडायला लागले आणि कागदावर जांभळी रेघ उमटली. जिल्ह्यातल्या फिजिओथेरपिस्टांचं एक संमेलन झालं, तिथे सरांनी तो कागद नेला. मला स्टेजवर उभं केलं. म्हणाले, "लोक म्हणतात टेपने मोजणं जुनाट आहे, माणसागणिक बदलतं. हे बघा. दोन माणसं, दोन हात, सहा महिने. सरासरी फरक तीन मिलिमीटर!" टाळ्या झाल्या. मला शाल आणि नारळ मिळाला. सरांनी स्वतः शाल पांघरली आणि कानात म्हणाले, "पाठ ताठ ठेव, फोटो काढतायत."

त्याच काळात सरांचं वायरमनशी भांडण सुरू झालं. क्लिनिकच्या ट्यूबलाइटी त्यांनी तीनदा बदलायला लावल्या. "उजेडात दम नाही रे हल्ली," म्हणायचे. वायरमन मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, यापेक्षा जास्त उजेड पाहिजे तर स्टेडियमचे लाइट लावा. सरांना एकदा डोळे दाखवा ना." मी हो म्हटलं, आणि काही केलं नाही. मी काही केलं नाही अशा गोष्टींची यादी करायची म्हटली, तर हा लेख संपणार नाही.

तेव्हा एक ढोलवाला आमच्याकडे येत होता. मूळ सटाण्याचा, अंबडला एका कंपनीत मशीनवर होता आणि गणपतीत पथकात ढोल वाजवायचा. तिशीचा, हसरा. कमरेला ढोल बांधून बांधून पाठ धरली असेल असं त्यालाही वाटत होतं आणि आम्हालाही. पहिल्यांदा आला तेव्हा पंधराचे एकोणीस पूर्णांक आठ झाले होते. तेव्हा मी अजून मोजत होतो, माझंही तेवढंच आलं होतं. जरा कमी, पण काळजीचं नाही. दर दोन महिन्यांनी तो यायचा. आकडा तिथेच. १९.८, १९.७, १९.८.

"सर, आकडा राहू द्या," तो एकदा म्हणाला. "सकाळी उठलो ना, पाऊण तास मी लाकूड असतो. मोजे बायको घालते. पोरगी हसते मला. दुपारी जरा मोकळं होतं."

"आकडा हलला नाही तुझा," सर म्हणाले. "ढोल कमी कर. वाकायचे व्यायाम वाढव."

त्याची आई बरोबर आली होती. ती मला म्हणाली, "दादा, मना पोऱ्या खोटं नई बोलस." मी म्हटलं, "नाही मावशी, तो खोटं नाही बोलत."

त्या दिवशी मी पडद्याआड गेलो. खुणा केल्या, टेप लावला, त्याला म्हटलं, वाक. एक बोट वरच्या खुणेवर, एक खालच्या. मी वाचत नव्हतो, पण बोटांना कळतं. माणूस वाकला की वरच्या बोटाखालचा टेप सरकत जातो, हाताला त्याची सवय असते. त्या दिवशी तो थोडा सरकला आणि थांबला. ढोलवाला खालून म्हणाला, "झालं का?"

मी डब्यात बघितलं. सरांनी लिहिलं होतं १९.७.

नजर खाली केली असती तर टेपवर सतरा दिसले असते. मी नजर खाली केली नाही. १९.५ लिहिलं. नऊ महिन्यांतल्या बाकीच्या सगळ्या चिठ्ठ्या मी आळस म्हणून, भीती म्हणून पचवू शकतो. ही नाही. या चिठ्ठीच्या वेळी मला माहीत होतं.

चार महिन्यांनी तो परत आला तेव्हा हातात मोठं पाकीट होतं. चुलतभावाने त्याला मालेगावच्या एका डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी पाठ मोजली, रक्त तपासलं, फोटो काढले. ढोलाचा काही संबंध नव्हता. मणके हळूहळू एकमेकांना चिकटत जातात असा आजार होता. औषधाने थांबवता येतो, पण जे चिकटलं ते चिकटलं. लवकर कळलं असतं तर बरं झालं असतं, असं त्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलं नव्हतं, तोंडी सांगितलं होतं. ढोलवाल्याने तेही आम्हाला सांगितलं, पण रागाने नाही. त्याला वाटलं, आम्हाला उपयोग होईल.

सर त्याला बाहेर बाल्कनीत, उन्हात घेऊन गेले. समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका कपडे वाळत घालायचं थांबवून बघत होत्या. सरांनी खुणा केल्या, वाकवलं, टेप अगदी नाकाशी धरून वाचला. सतरा पूर्णांक एक. दुसऱ्यांदा मोजलं. सतरा पूर्णांक एक. मग त्यांनी त्याचा शर्ट खाली केला, खोचून दिला आणि म्हणाले, "बाळा, माझं चुकलं." सरांना मी त्याआधी कुणाला बाळा म्हणताना ऐकलं नव्हतं.

त्याच आठवड्यात ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. ऑपरेशनं झाली, काळा चष्मा आला. चष्मा लावून ते क्लिनिकवर आले, मला समोर बसवलं, ढोलवाल्याच्या सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. जोडीजोडीने.

"माझ्या डोळ्याने सतराचे एकोणीस वाचले," ते म्हणाले. "साताचा नऊ केला. मान्य. मोतीबिंदू होता. तुझ्या डोळ्यात काय होतं?"

त्या क्षणी मी बोललो असतो तर हा लेख झाला नसता. एक वाक्य होतं. ते माझ्या तोंडात तयार होतं, कर्ता, कर्म, क्रियापद. मी टेबलाकडे बघत बसलो.

आणि सरांनीच मला सोडवलं. "नाही," ते स्वतःशीच म्हणाले, "तुझे डोळे चांगले आहेत. तू वेगळा मोजतोस, वेगळ्या खुणा करतोस. तुला मोतीबिंदू नसताना तुझंही तेच आलं. म्हणजे डोळ्याचा दोषच नाही. टेप चुकलाय."

मग टेपचं प्रकरण सुरू झालं. सर आमचे तिन्ही टेप घेऊन वजनमापं तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात गेले, मला बरोबर घेऊन. तिथला साहेब किराणावाल्यांच्या तराजूंच्या मध्ये बसला होता.

"दुकान कुठलं?" साहेबाने विचारलं.

"दुकान नाही. हे मी माणसांवर वापरतो."

"कापड मोजता?"

"पाठ."

साहेबाने पेन खाली ठेवलं. "काका, पाठ विकता का तुम्ही?"

"नाही."

"मग आमच्याकडे येत नाही ते."

पण सर उठेनात. शेवटी साहेबाने त्यांची सुटका म्हणून, म्हणजे स्वतःची, स्टीलची पट्टी काढली आणि तिन्ही टेप तिच्यावर ताणून बघितले. एकही टेप मिलिमीटरभरसुद्धा चुकीचा नव्हता. "एकदम करेक्ट आहेत," साहेब म्हणाला. "आमच्या इथल्यापेक्षा बरे आहेत."

आम्ही रिक्षाने परत निघालो. सीबीएसच्या सिग्नलला सर म्हणाले, "टेप बरोबर. डोळा तुझा बरोबर. हात दोघांचे वेगळे. आणि तरी आकडा खोटा, तोही दोघांचा सारखाच खोटा. मग काय उरलं, सांग." सिग्नल सुटला. "पद्धत," ते म्हणाले. "पद्धतच खोटी. कातडी ताणते, कंबर नाही. तीस वर्षं मी कातडी मोजली."

त्यांनी अगदी बरोबर विचार केला होता. एका पायरीवर मी खोटा होतो, एवढंच त्यांना माहीत नव्हतं.

त्यांनी भिंतीवरचा कागद काढला. ज्यांना ज्यांना ही पद्धत शिकवली होती त्या सगळ्यांना पत्रं लिहिली, स्वतःच्या हाताने, की मी चुकीचं शिकवलं, टेपवर विसंबू नका. सहा महिन्यांत क्लिनिक बंद केलं. निरोपाच्या दिवशी मावशी रडल्या. सर मला म्हणाले, "तू चांगला हात आहेस. फक्त चुकीच्या माणसाकडे शिकलास."

आता ते इंदिरानगरला मुलीकडे असतात. जॉगिंग ट्रॅकवर भेटतात. सगळे म्हणतात सर किती बदलले. माणसात आले. खरंच आलेत. आता ते समोरून येणाऱ्याचा चेहरा बघतात, नाव घेऊन हाक मारतात, नातवंडांची चौकशी करतात. कुणाला वळायला सांगत नाहीत. मागच्या महिन्यात एक जण आमच्यासमोर बुटाची लेस बांधायला वाकला, इतका अवघडून की मला राहवलं नाही, मी सरांकडे बघितलं. सर झाडाकडे बघत होते. त्यांची मुलगी मला म्हणाली, "बाबा आता कित्ती नॉर्मल झालेत, नाही?" मी हो म्हटलं.

ढोलवाला माझ्याकडेच येतो. औषधं लागू पडलीत, सकाळचे मोजे तो स्वतः घालतो. ढोल सोडला, आता ताशा वाजवतो. म्हणतो, ताशाला वाकावं लागत नाही आणि भाव जास्त आहे. मी त्याच्यासाठी इतका वेळ देतो हा माझा चांगुलपणा आहे असं त्याची आई समजते, दर खेपेला शेतातली मेथी आणते. मी घेतो. मी त्याची पाठ दर वेळी दोनदा मोजतो, आणि वाचतो.

परवा एक तरुण मुलगी माझ्याकडे नोकरीला आली. सरांच्या एका विद्यार्थिनीकडे शिकलेली. मी तिच्या हातात टेप दिला तर म्हणाली, "आमच्या मॅडम टेप वापरत नाहीत. त्यांच्या सरांनी लिहून कळवलंय, की ते खोटं असतं." म्हणजे माझी ती एक चिठ्ठी अजून फिरते आहे. कुठेतरी कुणाची तरी पाठ लाकूड होत असेल आणि कुणी मोजत नसेल.

सर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांची पद्धत खरी होती. दोघांनी मोजलं असतं तर त्यांची चूक पहिल्याच महिन्यात पकडली गेली असती, त्यासाठीच ती होती. हे त्यांना माहीत नाही, आणि हे सांगू शकणारा माणूस जगात एकच आहे. ढोलवाल्याचे काही महिने माझ्याकडे आहेत, ते मला परत करता येणार नाहीत, पण का गेले ते त्याला सांगता येईल. आणि सरांना मी एक वाक्य देणं लागतो: सर, मी मोजत नव्हतो, तुमची चिठ्ठी बघून लिहीत होतो. इथे लिहिलं आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही.